लपवणं वेगळं, फसवणं वेगळं

युद्ध पेटलं की सरकारबद्दल दोन तक्रारी एका दमात होतात: ‘काही सांगत नाहीत’ आणि ‘खोटं सांगतात’. लोकलमधल्या चर्चेत दोन्ही एकच. पण इंटरनेट हाताशी असलेल्या सामान्य माणसाला पहिल्या बाबतीत फारसं काही करता येत नाही. दुसऱ्या बाबतीत मात्र बरंच येतं.

आधी लपवणं. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकीन’ हे स्फोटकांनी भरलेलं जहाज उडालं. गोदीलगतच्या वस्त्या जळाल्या, सगळ्या मुंबईने हादरा अनुभवला. तरी वार्ताहरांना बातमी बाहेर पाठवायची मुभा मिळाली ती मे महिन्यात. काही लपवाछपवी रास्तही असते. २६/११ ला वाहिन्यांनी कमांडो कारवाई थेट दाखवली, त्यावर सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ताशेरे ओढले. काहीचं समर्थन मात्र अवघड जातं: २७ फेब्रुवारी २०१९ ला काश्मीरमधल्या बडगामजवळ आपल्याच क्षेपणास्त्राने हवाई दलाचं हेलिकॉप्टर पाडलं, त्याची जाहीर कबुली आली ऑक्टोबरात.

दडवलेलं बाहेर यायला आतलंच कुणीतरी लागतं, आणि त्याची किंमत मोठी असते. बगदादमधल्या २००७ च्या अमेरिकी हेलिकॉप्टर हल्ल्यात रॉयटर्स या वृत्तसंस्थेचे दोन कर्मचारी मारले गेले. रॉयटर्सने अमेरिकेच्या माहितीच्या कायद्याखाली चित्रफीत मागितली, ती मिळाली नाही. २०१० मध्ये गुप्त कागदपत्रं उघड करणाऱ्या विकिलीक्स या संकेतस्थळाने ती जगाला दाखवली; ती पुरवणाऱ्या अमेरिकी सैनिक चेल्सी मॅनिंगला ३५ वर्षांची शिक्षा झाली, जी पुढे ओबामांनी कमी केली.

फसवणुकीचं तसं नाही. खोटं बोलणारा काहीतरी ठाम सांगून बसतो: अमुक ठिकाणी, अमुक वेळी, हे घडलं. म्हणजे तपासायला धागा आयता मिळतो. १९६४ मध्ये व्हिएतनामलगतच्या टोंकिनच्या आखातात ४ ऑगस्टच्या रात्री आपल्या युद्धनौकांवर उत्तर व्हिएतनामने दुसरा हल्ला केल्याचं अमेरिकी सरकारने सांगितलं. भर समुद्रात, काळोखात कोण बघणार? तो झालाच नव्हता, हे अमेरिकेच्याच गुप्तचर संस्थेच्या इतिहासकाराचा लेख २००५ मध्ये खुला झाला तेव्हा कागदोपत्री स्पष्ट झालं. उलट १७ जुलै २०१४ ला युक्रेनवर एमएच१७ हे मलेशियाचं प्रवासी विमान पाडलं गेलं, २९८ जण गेले, आणि रशियाने युक्रेनकडे बोट दाखवलं. पण क्षेपणास्त्राची गाडी रस्त्याने जाताना लोकांनी मोबाइलवर टिपली होती. इंटरनेटवरच्या खुल्या माहितीवरून शोध घेणाऱ्या बेलिंगकॅट या गटाच्या मंडळींनी त्या फोटोंमधल्या इमारती, सावल्या, गाडीवरच्या खुणा जुळवत माग थेट रशियन लष्करी तुकडीपर्यंत नेला. २०१८ मध्ये अधिकृत तपास पथकही त्याच तुकडीपाशी पोचलं.

हे कसब दादरला बसूनही जमतं. युरोपचे सेंटिनेल-२ उपग्रह साधारण ५ दिवसांनी तीच जागा टिपतात, चित्रं फुकट मिळतात. एक ठिपका १० मीटरचा, त्यामुळे छपराचं भोक दिसणार नाही, पण बंदर बेचिराख झालं असेल तर दिसेल. मे २०२५ मध्ये कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचं आपल्याकडच्या काही वाहिन्या ओरडून सांगत होत्या. त्याच आठवड्यात ‘आर्मा ३’ या व्हिडिओ गेममधली दृश्यं खरी लढाई म्हणून व्हॉट्सअॅपवर फिरत होती. ही थाप सरकारची नव्हती, पण तपासायची रीत तीच.

मग खरंखोटं ठरवायचा हक्क कुणाचा? केंद्र सरकारच्या कारभाराबद्दलचा ऑनलाइन मजकूर खोटा आहे की नाही हे सरकारच्याच कक्षाने ठरवावं, असा नियम २०२३ मध्ये आला होता. मुंबई उच्च न्यायालयाने तो सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द केला.