पारा किती, यापेक्षा गाळ कसला

उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की सांगलीजवळच्या हरिपूरला, वारणा कृष्णेला मिळते तिथला गाळ हाताला लागतो. वरचा पापुद्रा तपकिरी. बोटभर उकरलं की काळाकुट्ट थर आणि सडक्या अंड्यांचा वास. अशाच गाळात केसासारखे बारीक तांबडे किडे डोकं खाली खुपसून, शेपटी पाण्यात हलवत राहतात. मत्स्यालयाच्या दुकानात ‘ट्यूबिफेक्स’ म्हणून मिळतात, त्याच कुळातले. ते गाळ खातात, मासे त्यांना खातात आणि मासे आपल्या ताटात येतात. गाळात पारा असेल, तर तोही याच वाटेने येतो.

जपानमधल्या मिनामाता इथला पाऱ्याच्या विषबाधेचा आजार 1956 मध्ये उघडकीला आला. तिथे कारखान्याच्या सांडपाण्यातच मिथाइल पारा, म्हणजे पाऱ्याचं अंगात साचत जाणारं फार विषारी रूप होतं. साधा पारा मात्र तळाशी बसतो आणि तिथेच राहतो, असा समज बरीच वर्षं टिकला. 1969 मध्ये स्वीडनच्या सोरेन येन्सन आणि आर्ने येर्नेलॉव्ह यांनी तो मोडला. गाळातले जंतू साध्या पाऱ्याचाच मिथाइल पारा करतात, हे त्यांनी दाखवलं. हे काम मुख्यतः सल्फेटवर (गंधकाच्या एका क्षारावर) जगणारे आणि त्याचं सल्फाइड करणारे, हवा नको असणारे जीवाणू करतात, हे 1985 मध्ये कळलं. त्यासाठी लागणारी जनुकांची जोडी सापडायला 2013 उजाडलं.

मग किड्याच्या अंगात पारा किती जाणार, हे ठरवतं कोण? माझ्या मते इथे जुन्या वैद्यांचा खल आठवावा. पारा आणि गंधक एकत्र घोटत राहिलं की चकाकी जाते आणि काळी कज्जली होते. पारा गंधकाला असा चिकटतो की सहजी सुटत नाही. गाळातही तेच घडतं. सडक्या अंड्यांच्या वासाच्या सल्फाइडने, म्हणजे गंधकाच्याच एका रूपाने पारा बांधून ठेवला की किड्याच्या आतड्यात तो फारसा विरघळत नाही. कुजलेला पालापाचोळाही पाऱ्याला धरून ठेवतो. म्हणून पारा तेवढाच असला, तरी वाळूसारख्या निकस गाळातले किडे तो जास्त उचलू शकतात.

पण हाच पालापाचोळा जीवाणूंचं खाद्यही आहे. सल्फेट मिळालं, सल्फाइड मात्र अजून फार साचलेलं नाही, अशा मधल्या अवस्थेत मिथाइल पारा जोमाने तयार होतो, आणि किडे साध्या पाऱ्यापेक्षा तो कितीतरी सहज शोषतात. गाळ वाळला की सल्फाइडचं पुन्हा सल्फेट होतं. पाणी चढलं की चक्र नव्याने सुरू. दर पावसाळ्यात चढणाऱ्या आणि उन्हाळ्यात आटणाऱ्या कृष्णेच्या काठाला हे नीट लागू पडतं. शिवाय मळी आणि सांडपाणी नदीत आलं, तर सेंद्रिय द्रव्य आणि सल्फेट दोन्हींची भर पडते. मासे मेले की आपण पाण्यातला प्राणवायू मोजतो. ते बरोबरच आहे, पण पाऱ्याचा हिशेब त्यातून लागत नाही.

पाऱ्याला आवर घालणारा मिनामाता करार ऑगस्ट 2017 मध्ये लागू झाला, भारताने 2018 मध्ये त्याला मान्यता दिली. फुटलेल्या ट्यूबलाइट आणि थर्मामीटर अजूनही कचऱ्यातून ओढ्याला जातात, आणि कोळशाच्या धुरातला पारा वाऱ्यावर दूरवर जातो. म्हणून सांगलीच्या नदीत पाण्यासोबत गाळ आणि किडेही तपासले जावेत, असं मला मनापासून वाटतं. पद्धत ठरलेली आहे: 28 दिवस किडे त्या गाळात ठेवायचे, नंतर स्वच्छ पाण्यात काही तास सोडून पोटातला गाळ बाहेर पडू द्यायचा आणि मगच पारा मोजायचा. नाहीतर आकडा येतो तो पोटातल्या गाळासकट.