घरगुती प्लास्टिक कचरा : पुनर्वापराचे पर्याय

एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकऐवजी धुऊन, पुन्हा भरून किंवा दुरुस्त करून वर्षानुवर्षे वापरता येतील अशा वस्तू घरात ठेवण्याची पद्धत. कचऱ्यापासून नवी वस्तू बनवणे, म्हणजे पुनर्चक्रीकरण, ही यापुढची आणि वेगळी पायरी आहे; इथे प्लास्टिक उंबऱ्याच्या आत येऊच नये असा प्रयत्न असतो. वस्तू कापडाची, धातूची किंवा काचेचीच हवी असे नाही. आइस्क्रीमचा रिकामा डबा डाळ भरायला वर्षानुवर्षे वापरला, तर तोही याच पद्धतीत बसतो. ही नोंद मुख्यतः महाराष्ट्रातील घरांविषयी आहे.

कोणते प्लास्टिक जास्त त्रासाचे

घरात येणारे सगळे प्लास्टिक सारखे नसते, आणि ते ओळखण्याची सर्वांत सोपी कसोटी म्हणजे भंगारवाला. दुधाच्या पिशव्या, पाण्याच्या बाटल्या, फिनेलचे कॅन, मोडक्या बादल्या तो घेतो. वेफर-बिस्किटांची वेष्टने, शाम्पूच्या पुड्या, चकचकीत आतल्या बाजूची फरसाणाची पाकिटे मात्र तो हातात धरत नाही. या वेष्टनांत प्लास्टिकचे आणि बहुधा ॲल्युमिनियमचे पातळ थर एकमेकांना चिकटवलेले असतात. ते वेगळे करण्याचा खर्च मालाच्या किमतीपेक्षा जास्त होतो. भाजीवाल्याकडची पातळ पिशवी तत्त्वतः वितळवता येते, पण ती इतकी हलकी असते आणि ओल्या कचऱ्यात इतकी माखते, की वेचणाऱ्याला तिच्यामागे वेळ घालवणे परवडत नाही.

पुण्यात ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही कचरावेचकांची संघटना १९९३ साली उभी राहिली. तिच्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांच्या मालकीची सहकारी संस्था निघाली. तिचे सदस्य दारोदार जाऊन ओला-सुका कचरा घेतात आणि सुक्यातला विकाऊ माल निवडून त्यावर कमाई करतात. म्हणजे दुधाची पिशवी धुऊन, सुकवून दिली तर ती कुणाचे तरी उत्पन्न असते. शाम्पूची पुडी नुसतेच ओझे. पर्याय शोधायला सुरुवात करायची तर ज्याला भंगारात भाव नाही तिथून करावी, हे यावरून उघड आहे. प्रत्यक्षात चर्चा बहुतेक वेळा बाजाराच्या पिशवीवरच अडकते.

परतीची वाट असलेल्या जुन्या व्यवस्था

महाराष्ट्रात पुनर्वापराची सर्वांत भक्कम व्यवस्था आजही चालू आहे आणि तिला कोणी पर्यावरणाचे नाव दिलेले नाही. ती म्हणजे पिठाची गिरणी. घरचा डबा धान्य भरून जातो आणि त्याच डब्यातून पीठ परत येते. गिरणीवाला किलोमागे दळणावळ घेतो. त्याला वेष्टन विकायचे नसते, त्यामुळे ते नसण्याने त्याचे काही अडत नाही. डबा न्यायचे लक्षात ठेवावे लागत नाही, कारण डब्याशिवाय दळण जातच नाही. गहू, ज्वारी, बाजरी सुगीनंतर वर्षाची भरून, गव्हाला एरंडेल चोळून किंवा धान्यात कडुलिंबाचा पाला घालून कणगीत नाहीतर पत्र्याच्या कोठीत साठवायची, ही रीत या गिरणीला आधार देत होती. शहरात साठवणीला जागा उरली नाही आणि पाच-दहा किलोच्या तयार आट्याच्या पिशव्या घरात आल्या, तिथे ही साखळी तुटली. उन्हाळ्यात मिरची-धणे भाजून मसाला डंकावर कुटून आणणे हाही त्याच जातीचा व्यवहार. अलीकडे शहरांतून लाकडी घाण्याच्या तेलाची दुकाने पुन्हा दिसू लागली आहेत. तिथे स्टीलची किटली घेऊन जाणारी गिऱ्हाइके असतात.

मुंबईचा डबा हे दुसरे उदाहरण. महादू हावजी बच्चे यांनी १८९० च्या सुमारास सुरू केलेल्या या व्यवस्थेत भरलेला डबा दुपारी कचेरीत पोहोचतो आणि रिकामा डबा त्याच दिवशी घरी परततो. आज मोबाइलवरून मागवलेले जेवण काळ्या किंवा पारदर्शक प्लास्टिकच्या डब्यांतून येते. ते डबे धुऊन फ्रिजमध्ये वापरले जातात, पण काही दिवसांत त्यांचा ढीग होतो, कारण ते परत न्यायला कोणी येत नाही.

दुधाचेही असेच झाले. मुंबईत आरेचे दूध काचेच्या बाटल्यांतून, वर ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे झाकण लावून मिळे आणि रिकामी बाटली केंद्रावर परत द्यावी लागे. गावात गवळी मापाने दूध किटलीत ओतून देई. पिशवी आली तेव्हा वाहतूक हलकी झाली, बाटल्या फुटणे आणि धुणे वाचले. त्यात दुधात पाणी घालण्याची शंकाही कमी झाली, हे नाकारण्यात अर्थ नाही. दररोज अर्ध्या लिटरच्या दोन पिशव्या घेणाऱ्या घरात वर्षाला ७३० पिशव्या होतात. बाजाराची कापडी पिशवी कितीही निष्ठेने वापरली तरी या आकड्याला तिचा धक्का लागत नाही.

आणखी एक साखळी कपड्यांची. जुन्या साड्या, शर्ट घेऊन स्टीलची भांडी देणारी बोहारीण दारावर येई. बोहारणीला न दिलेल्या लुगड्यांच्या गोधड्या शिवल्या जात. फाटलेल्याचे फडके होई, आणि स्वयंपाकघरात टिश्यू पेपर किंवा प्लास्टिकचे स्पंज लागत नसत. भांड्यांना नारळाचा काथ्या किंवा वाळलेल्या घोसाळ्याची जाळी चाले. या वस्तू आज ‘इको-फ्रेंडली’ दुकानात बऱ्याच दामाने मिळतात, हा विनोद आहे खरा, पण घोसाळ्याचा वेल गॅलरीत कुंडीतही येतो.

कायद्याची बाजू

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. शहर बुडाले त्याची कारणे अनेक होती, पण नाल्यांत तुंबलेल्या प्लास्टिक पिशव्या लोकांच्या डोळ्यांसमोर राहिल्या. राज्याने त्यानंतर ५० मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पातळ पिशव्यांवर बंदी आणली. २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने हँडल असलेल्या-नसलेल्या सर्व प्लास्टिक पिशव्या, थर्माकोल व प्लास्टिकची ताटे, पेले, वाट्या, चमचे यांवर बंदी घातली. तीन महिन्यांची मुदत संपून २३ जूनपासून अंमलबजावणी सुरू झाली. दंड पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये, दुसऱ्याला १०,००० आणि तिसऱ्याला २५,००० रुपये व तीन महिन्यांपर्यंत कैद असा ठेवला गेला. आठवडा उलटण्याआधीच किराणा मालाच्या वेष्टनांना अटींवर सवलत द्यावी लागली.

याच अधिसूचनेत दुधाच्या पिशवीला सूट होती, मात्र ती ५० मायक्रॉनपेक्षा जाड असावी आणि तिच्यावर परतीची किंमत, किमान ५० पैसे, छापावी अशी अट होती. कल्पना चांगली होती. पण पिशवी परत घेणार कोण, ठेवणार कुठे आणि पैसे देणार कोण, याची घडी न बसल्याने ती राज्यभर रुजली नाही. जुन्या बाटलीच्या वेळी हे काम दूधकेंद्र करत होते; कायद्याने किंमत छापली, केंद्र दिले नाही.

केंद्र सरकारने १ जुलै २०२२ पासून देशभर प्लास्टिकच्या काड्या, ताटे, पेले, स्ट्रॉ, मिठाईच्या खोक्यावरची फिल्म अशा ठराविक एकल-वापर वस्तूंवर बंदी घातली, आणि पिशव्यांची किमान जाडी ३० सप्टेंबर २०२१ पासून ७५ तर ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉन केली. पिशवी जाड झाली की महाग होते आणि पुन्हा वापरली जाते, असा त्यामागचा हिशेब आहे. वेफर-शाम्पूची बहुस्तरीय वेष्टने या बंदीबाहेर राहिली.

पिशवीचा हिशेब

कापडी पिशवी घेतली की काम झाले, असे मानणे चूक आहे. कापसाला पाणी, खत, कीटकनाशक आणि गिरणीत वीज लागते. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२० मध्ये वेगवेगळ्या अभ्यासांचा आढावा घेतला. त्यानुसार हवामानावरचा परिणाम एकदाच वापरायच्या प्लास्टिक पिशवीपेक्षा कमी ठरावा, तर सुती पिशवी ५० ते १५० वेळा वापरावी लागते. पॉलिप्रॉपिलीन या टिकाऊ प्लास्टिकच्या जाड पिशवीला १० ते २० वेळा पुरतात. आठवड्यातून दोनदा बाजारात नेली, तर सुती पिशवीला हा टप्पा गाठायला सहा महिने ते दीड वर्ष लागेल. हा हिशेब फक्त हवामानाचा आहे. नाला तुंबणे किंवा गाईच्या पोटात पिशवी जाणे त्यात मोजलेले नाही, आणि आपल्याकडे तोच त्रास जास्त दिसतो.

समारंभात, दुकानाच्या उद्घाटनाला, निवडणुकीत कापडी पिशव्या वाटल्या जातात आणि घरात त्यांचाच गठ्ठा साठतो. हे वरच्या हिशेबाच्या उलट आहे. जुन्या साडीची किंवा पडद्याची पिशवी शिवली तर कापूस आधीच पिकून, विणून, नेसून झालेला असतो. त्यामुळे तिच्याकडून एवढ्या फेऱ्यांची अपेक्षा करावी लागत नाही. कापडासारख्या दिसणाऱ्या, दुकानांत मिळणाऱ्या रंगीत पिशव्या बहुधा न विणलेल्या पॉलिप्रॉपिलीनच्या, म्हणजे प्लास्टिकच्याच असतात. काडी पेटवून धाग्याचे टोक जाळले की कळते : कापूस जळून राख होते, ही वितळून गोळा होते. केंद्रीय नियमांनी अशा पिशव्यांना प्रति चौरस मीटर किमान ६० ग्रॅम वजनाची अट घातली आहे.

भाजीसाठी एकच मोठी पिशवी पुरत नाही. मिरची, कोथिंबीर, मटार वेगळे ठेवायला लहान पिशव्या लागतात आणि त्या नसल्या की भाजीवाली प्लास्टिकची पुढे करते. जुन्या ओढणीच्या किंवा मच्छरदाणीच्या, नाडी ओवलेल्या चार-पाच पिशव्या मोठीच्या आत ठेवणे हा त्यावरचा साधा तोडगा. मासे-मटणाला झाकणाचा स्टीलचा डबा बरा. कोळणीला आधी डबा दिला तर ती त्यातच तुकडे टाकून देते. वर्तमानपत्राची पुडी मात्र खाद्यपदार्थांसाठी पर्याय धरू नये. शाईतील रंग व रसायने पदार्थात उतरतात म्हणून भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने तिच्याविरुद्ध इशारा दिलेला आहे. वडापाव घरी आणायचा तर डबाच न्यावा.

पंगत आणि मखर

लग्न-मुंजीच्या पंगतीत पळसाच्या पानांची पत्रावळ आणि द्रोण, कोकणात केळीचे पान, ही जुनी ताटे एकदाच वापरायची असली तरी कुजतात. धुऊन वापरायची रीतही होतीच. अनेक गावांत वाडीची किंवा देवळाची सामाईक भांडी असत. कार्य असलेल्या घराने ती मोजून न्यायची आणि घासून, मोजून परत करायची. शहरांतल्या काही गृहसंकुलांनी आता स्टीलची ताटे-पेले असेच सामाईक घेतले आहेत. एका घराने शंभर ताटे विकत घेण्यापेक्षा हे शहाणपणाचे.

गणपतीतले थर्माकोलचे मखर हे घरगुती कचऱ्याचे वर्षातले सर्वांत मोठे पोते होते. २०१८ च्या बंदीनंतर सजावट करणाऱ्या व्यावसायिकांनी त्या वर्षापुरती मुभा मागितली. मुंबई उच्च न्यायालयाने ती नाकारली. त्यानंतर घडी घालून माळ्यावर ठेवता येणारी पुठ्ठ्याची, कापडाची, लाकडी पट्ट्यांची मखरे बाजारात वाढली.

न्हाणीघर

इथला कचरा दिसत नाही, कारण तो गुंडाळून टाकला जातो. बाजारातल्या बहुतेक सॅनिटरी नॅपकिनमध्ये प्लास्टिकचा थर असतो. कचरा हाताने निवडणाऱ्या बायकांना त्याचा त्रास होतो म्हणून ‘स्वच्छ’ने वापरलेले नॅपकिन कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढायची मोहीम चालवली. वैद्यकीय दर्जाच्या सिलिकोनचा मासिक पाळीचा कप नीट उकळून वापरला तर कित्येक वर्षे टिकतो. सुती घड्यांना धुणे आणि उन्हात वाळवणे लागते. जिथे दोरीवर घडी वाळत घालण्याची लाज वाटायला लावली जाते, तिथे हा पर्याय कागदावरच राहतो. शाम्पूच्या पुड्यांऐवजी साबणाची वडी, शिकेकाई किंवा रिठे चालतात. बांबूच्या टूथब्रशची मूठ कुजते, पण दाते बहुधा नायलॉनचे असतात. ते उपटून वेगळे टाकावे लागतात.

पाणी, कष्ट आणि मर्यादा

पुन्हा वापरायची वस्तू धुवावी लागते, आणि पर्यायांच्या याद्यांत हे सहसा लिहिलेले नसते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी लातूरला न्यावे लागले. ज्या गावात टँकरची वाट पाहावी लागते तिथे दोनशे माणसांची भांडी घासा, असे सांगणे बेजबाबदार आहे; अशा ठिकाणी पानांची पत्रावळ धुवायच्या ताटापेक्षा सरस ठरते. घरात धुणे-घासणे बहुधा बाईकडे येते. लंगोट, दुपटी, सुती घड्या, तेलकट बाटल्या या सगळ्याचा भार एका व्यक्तीवर पडला, तर डायपरचे पाकीट पुन्हा घरात येते, आणि त्यात त्या व्यक्तीचा दोष नसतो.

पितळेच्या भांड्यांकडे परत जाणाऱ्यांना कल्हईवाला शोधावा लागतो. कल्हई उडालेल्या पितळेत ताक, चिंच, टोमॅटो यांसारखे आंबट पदार्थ ठेवले तर ते कळकतात. तांब्याच्या भांड्यात पाणी चालते, लिंबाचे सरबत नाही. म्हणून रोजच्या साठवणीला स्टीलच सोयीचे. घरात असलेले चांगले प्लास्टिकचे डबे टाकून त्यांच्या जागी काचेच्या बरण्यांचा संच मागवणे म्हणजे उलट जादा कचरा करणे होय. ते डबे फुटेपर्यंत कोरड्या मालासाठी वापरावेत, फक्त त्यांत गरम पदार्थ ओतू नयेत. औषधांच्या पट्ट्या, इंजेक्शनच्या सिरिंज, सलाइनच्या पिशव्या यांना घरगुती पर्याय नाही आणि शोधूही नये.