पेनड्राइव्ह रिकामा, तरी फाइल जाईना: फॅट३२ आणि एक्सफॅट

लग्नाच्या व्हिडिओची साडेसहा जीबीची फाइल, ६४ जीबीचा कोरा पेनड्राइव्ह, आणि कॉपीला लावताच विंडोज म्हणतं की फाइल फार मोठी आहे. मग ठरलेले सल्ले सुरू होतात: ड्राइव्ह डुप्लिकेट आहे, व्हायरस असेल, १२८ चा घे. कृपा करून नवा घेऊ नका. तोही फॅट३२ निघाला तर फाइल पुन्हा तिथेच अडेल. फॅट३२ ही ड्राइव्हवर फाइली मांडायची आणि त्यांची नोंद ठेवायची एक पद्धत, म्हणजे फाइल सिस्टीम.

ड्राइव्ह भरणं म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक आहे. ६४ चा ड्राइव्ह विंडोजवर साठाच्या आतच दिसतो, तीही फसवणूक नव्हे. कंपनी हजाराने मोजते, विंडोज १०२४ ने.

खरा घोळ वेगळाच आहे. फॅट३२ मध्ये प्रत्येक फाइलची एक नोंद असते आणि त्या नोंदीत फाइलचा आकार लिहायला ३२ बिट दिलेले असतात. त्यात मावणारा सर्वांत मोठा आकडा ४,२९,४९,६७,२९५. तेवढे बाइट, म्हणजे ४ जीबीला एक बाइट कमी. दुकानाच्या वहीत रकमेचा रकाना पाचच अंकांचा असेल, तर गल्ल्यात कितीही पैसे मावोत, एका ओळीत ९९,९९९ च्या वर लिहिता येत नाही. इथे तसंच होतं. अडचण गल्ल्याची नाही, रकान्याची आहे. म्हणून त्याच ड्राइव्हवर तीन-तीन जीबीच्या दहा फाइली बिनबोभाट जातात आणि पाच जीबीची एक जात नाही. हे एकदा करून पाहा, मग ड्राइव्हला दोष देणार नाही.

एक्सफॅट ही दुसरी फाइल सिस्टीम मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये फ्लॅश मेमरीसाठीच, म्हणजे पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्डांसाठी, आणली. त्यात हा रकाना ६४ बिटांचा आहे, त्यामुळे घरगुती फाइलींना मर्यादा उरतच नाही. ३२ जीबीच्या वरच्या एसडीएक्ससी मेमरी कार्डांचं ठरलेलं फॉरमॅटही हेच.

ड्राइव्हवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये 'फाइल सिस्टीम' वाचा. फॅट३२ दिसलं तर आतलं सगळं आधी दुसरीकडे उतरवा, कारण फॉरमॅट केल्यावर, म्हणजे ड्राइव्ह पुसून नव्याने मांडल्यावर, ते जाणार. मग फॉरमॅट करताना एक्सफॅट निवडा. डोळे मिटून एनटीएफएस, म्हणजे विंडोजची स्वतःची फाइल सिस्टीम, करणाऱ्यांचा मला राग येतो. तो ड्राइव्ह मॅकवर वाचता येतो, पण वेगळं सॉफ्टवेअर टाकल्याशिवाय त्यावर काही लिहिता येत नाही, आणि त्रास होतो तो ज्याला ड्राइव्ह दिला त्याला. फाइलीचे तुकडे करून देणंही मला पटत नाही. एक तुकडा हरवला की सगळं वाया.

फॅट३२ ठेवायचं ते गाडीच्या स्टिरिओसाठी आणि जुन्या टीव्हीसाठी, कारण त्यांतल्या पुष्कळांना एक्सफॅट वाचताच येत नाही. त्यासाठी ३२ जीबीचा किंवा त्याहून लहान ड्राइव्ह वेगळा ठेवा. विंडोजची फॉरमॅटची खिडकी वर्षानुवर्षं त्याहून मोठ्या ड्राइव्हला फॅट३२ चा पर्यायच देत नव्हती.