इतिहास मंडळांतील स्वयंसेवा

गावोगावची जुनी कागदपत्रे, पोथ्या, नाणी आणि शिल्पे मिळवणे, त्यांची नोंद ठेवणे, ती वाचणे आणि मंडळाचे छोटे संग्रहालय लोकांसाठी उघडे ठेवणे, हे काम बिनपगारी करण्याची प्रथा. महाराष्ट्रात ती रुजवण्यात इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचा वाटा फार मोठा आहे. जुन्या घराण्यांची दप्तरे शोधत ते गावोगाव हिंडले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला. १९१० मध्ये त्यांनी सरदार खं. चिं. मेहेंदळे यांच्यासह पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले. त्यांच्या निधनानंतर धुळ्यातही त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले.

स्वयंसेवकाची खरी कसोटी मोडी या जुन्या लपेटीदार लिपीच्या वाचनात लागते. रुमाल, म्हणजे दप्तराचे कागद बांधलेले फडके, सोडायचा, कागदाची घडी न तुटेल अशी हलक्या हाताने उलगडायची, धूळ मऊ ब्रशने झाडायची. मग अक्षराकडे वळायचे. मोडीत शब्द सुटे नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बहुधा पाळलेला नसतो. सालही अरबी शब्दांत आणि एकंपासून उलटे मोजत येते. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार : जुन्या मराठी कागदांतल्या शुहूर सन या कालगणनेचे ११६१. हे वर्ष मृगाच्या सुमारास सुरू होते, म्हणून इसवी सन काढायला त्यात महिन्याप्रमाणे ५९९ किंवा ६०० मिळवायचे. येते १७६०-६१, पानिपताचे वर्ष. हा हिशेब पहिल्यांदा स्वतःच्या हाताने सुटतो, तेव्हा समोरचा कागद बोलू लागतो.

वस्तूंच्या बाबतीत सर्वांत मोलाचे, आणि सर्वांत दुर्लक्षित, काम म्हणजे नोंदवही. वस्तू कुठे सापडली, कोणी दिली, सोबत काय होते, हे त्याच दिवशी लिहिले नाही तर ते कायमचे हरवते. धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावच्या परिसरातील प्राचीन वस्तू हौसेने जमवल्या. आज त्यांच्या नावाने तिथे शासकीय संग्रहालय आहे. तेरच्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीची तुलना इटलीतील पाँपेई या प्राचीन रोमन शहरात सापडलेल्या भारतीय मूर्तीशी केली जाते. पाँपेई इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले, म्हणून तिथली मूर्ती त्याआधीची हे निश्चित सांगता येते. हा निर्वाळा मूर्तीच्या सौंदर्याने नव्हे, तिच्या सापडण्याच्या जागेने दिला.

पुष्कळ घराणी मूळ कागद द्यायला तयार नसतात, आणि त्यात गैर काहीच नाही. अशा वेळी स्वयंसेवक घरच्यांसमोर ओसरीवर बसून छायाचित्रे घेतो, कागद मोजतो आणि रुमाल होता तसा बांधून परत करतो.