पांढऱ्या साखरेचा काळा हिशेब : कारा वॉकर यांच्या शिल्पामागचा इतिहास

२०१४ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये, बंद पडलेल्या डोमिनो साखर कारखान्याच्या शेडमध्ये एक अजस्र बाई येऊन बसली. ७५ फूट लांब, ३५ फूट उंच, अंगभर पांढरीशुभ्र साखर. बैठक इजिप्तच्या स्फिंक्सची, चेहरा कृष्णवर्णीय स्त्रीचा, डोक्याला मोलकरणीचं फडकं. आत फोमचे ठोकळे होते, वर साखरेचा थर. त्यासाठीची सुमारे ८० टन साखर डोमिनोनेच दिली होती.

शिल्पकार कारा वॉकर यांची ही कलाकृती नुसत्या फोटोत पाहिली तर डोळे दिपतात आणि तिथेच थांबतात. ती कळायला साखरेच्या मागे जावं लागतं.

शब्द मुळात आपलाच. शर्करेचं फारसीत शकर झालं, अरबीत सुक्कर आणि इंग्रजीत शुगर. मध्ययुगीन युरोपात साखर इतकी महाग होती की राजेरजवाड्यांच्या मेजवान्यांत तिचे किल्ले, प्राणी, माणसं घडवून मिरवत. या शोभेच्या वस्तूंना ‘सटल्टी’ म्हणत. पाडव्याच्या गाठी आणि संक्रांतीचे हलव्याचे दागिने पाहत वाढलेल्यांना साखरेच्या कलाकुसरीचं नवल नाही, पण तिथे ती सत्तेची मिजास होती. वॉकर यांनी तेच नाव उचललं, ‘अ सटल्टी’. पुढच्या लांबलचक उपशीर्षकात ही कलाकृती कोणासाठी आहे तेही सांगून टाकलं : उसाच्या मळ्यांपासून स्वयंपाकघरांपर्यंत आपली गोड चव घडवणाऱ्या, बिनमजुरीने राबवलेल्या कारागिरांसाठी.

हे कारागीर म्हणजे गुलाम. आफ्रिकेतून सुमारे सव्वा कोटी माणसं जहाजांत कोंबली गेली. त्यांतली बहुतेक ब्राझील आणि कॅरिबियन बेटांकडे नेली, आणि तिथला बराचसा कारभार उसाभोवती फिरत होता. चरकापाशी कुऱ्हाड ठेवलेली असे. रात्रपाळीत डुलकी लागून कोणाचा हात चरकात गेला, तर तो तोडून माणूस सोडवायचा आणि चरक चालू ठेवायचा. १८३३ मध्ये ब्रिटनने गुलामगिरी बंद करणारा कायदा केला, तेव्हा दोन कोटी पौंडांची भरपाई मिळाली ती मालकांना. गुलामांच्या हाती छदामही पडला नाही. मळ्यांना हात तर हवेच होते. १८३४ पासून मॉरिशसला हिंदुस्थानातून गिरमिटिये, म्हणजे कराराने बांधलेले मजूर, जाऊ लागले, त्यांत आपल्या कोकणातलेही होते. आज तिथे थाटाने गणपती बसवणारी मराठी कुटुंबं त्यांचीच वंशज.

डोमिनोचा कारखाना या साखळीतला पुढचा टप्पा. हॅवमेयर कुटुंबाने १८५६ मध्ये तो उभारला, १८८२ च्या आगीनंतर पुन्हा बांधला. बाहेरून येणारी तपकिरी कच्ची साखर इथे हाडांच्या कोळशातून गाळून पांढरी केली जाई. साखरेचा शुभ्रपणा हा असा कारखान्यात बनतो, आणि बनताना मळ्याची प्रत्येक खूण पुसून टाकतो. वॉकर यांनी त्याच शुभ्र साखरेतून कृष्णवर्णीय बाई घडवली, ती याचसाठी.

त्यांचा जन्म १९६९ चा, कॅलिफोर्नियातला. तेराव्या वर्षी कुटुंब जॉर्जियात आलं आणि दक्षिणेतला वर्णद्वेष त्यांनी तिथे जवळून पाहिला. १९९४ पासून त्या काळ्या कागदाच्या कात्रणांतून गुलामगिरीतली हिंसा भिंतीवर मांडू लागल्या. एकेकाळी दिवाणखान्यात लावायची ती नाजूक कला, तिच्यात त्यांनी बलात्कार आणि फटके आणले. १९९७ मध्ये ज्येष्ठ कृष्णवर्णीय कलाकार बेटी सार यांनी त्यांच्याविरुद्ध पत्रमोहीम काढली : जुनी अपमानास्पद चित्रं गोऱ्यांच्या करमणुकीला पुन्हा का पुरवायची? हा आक्षेप मला हलका वाटत नाही. साखरेच्या त्या नग्न बाईपुढेही काही प्रेक्षकांनी अश्लील हावभाव करत फोटो काढलेच. तरीही, झाकून ठेवलेला इतिहास समोर आणायचा तर ही जोखीम घ्यावीच लागते असं मला वाटतं.

बाईभोवती टोपल्या घेतलेली मुलंही उभी होती, मळीच्या रंगाची. त्यांतली काही अख्खी साखरेची होती. उन्हाळा चढला तशी ती पाझरू लागली, हात गळले, काही कोसळून पडली. वॉकर यांनी ते तुकडे फेकले नाहीत. उभ्या असलेल्या मुलांच्या टोपल्यांत ते ठेवून दिले.