30 इंचांचं पाऊल

पोलीस भरती जाहीर झाली की पहाटे पाचला कुठल्याही तालुक्याच्या मैदानावर जा. अंधारात मुलंमुली गोल गोल पळत असतात, कुणीतरी निवृत्त फौजी गळ्यात शिट्टी अडकवून वेळ घेत असतो आणि एका कोपऱ्यात गोळाफेकीची रांग लागलेली असते. मुलांच्या हातात 7.26 किलोचा गोळा, मुलींच्या हातात 4 किलोचा. मुलांना 1600 मीटर, मुलींना 800. हे आकडे तिथल्या प्रत्येकाला पाठ असतात, पण 7.26 हा असला अडनिडा आकडा आला कुठून, हे सहसा कुणी विचारत नाही. तो आहे 16 पौंड. ॲथलेटिक्समध्ये पुरुषांचा गोळा 16 पौंडांचा आणि बायकांचा 4 किलोचा असतो, तोच भरतीच्या मैदानावर आला. जमाव आवरायला किंवा जखमी माणसाला उचलून गाडीत घालायला किती ताकद लागते, याच्याशी त्या 16 पौंडांचा संबंध जोडणं अवघडच.

बायकांना सक्तीच्या लष्करी सेवेत घ्यावं का, हा वाद युरोपात सध्या जोरात आहे. तो वाचताना मला सारखा हा गोळा आठवतो. वाद होतो बाईच्या शरीरावर. पण त्या शरीराला ज्या मापाने मोजायचं, ते माप मुळात कशासाठी ठरलं होतं, इकडे फार थोड्यांचं लक्ष जातं.

आधी कायदा कुठे पोचलाय ते पाहू. नॉर्वेच्या संसदेने जून 2013 मध्ये मुलींनाही सक्ती लावायचं ठरवलं, 2015 पासून कायदा लागू झाला आणि 2016 च्या उन्हाळ्यात पहिल्या मुली बराकीत दाखल झाल्या. स्वीडनने 2010 मध्ये बंद केलेली सक्तीची भरती 2017 मध्ये परत आणली, ती थेट मुलगामुलगी भेद न ठेवता. डेन्मार्कमध्ये 1 जुलै 2025 नंतर 18 वर्षांच्या होणाऱ्या मुलींची नावंही चिठ्ठ्यांच्या सोडतीत आली. इस्रायलमध्ये तर 1949 पासून मुलींना सक्ती आहे, मात्र लग्न झालेल्या आणि धार्मिक कारण देणाऱ्या मुलींना सूट मिळते. अमेरिकेत सक्तीची भरती प्रत्यक्षात बंद असली तरी मुलांना नावनोंदणी करावीच लागते, मुलींना नाही. 1981 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हा भेद मान्य केला. कारण सरळ होतं: लढाईच्या जागा बायकांना बंदच होत्या. पुढे त्या जागा खुल्या झाल्या, तरी 2021 मध्ये याच मुद्द्यावरची याचिका न्यायालयाने ऐकायला घेतली नाही आणि चेंडू काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, अंगणात राहिला.

यातलं नॉर्वेचं उदाहरण अभ्यासायला सगळ्यात चांगलं, कारण तिथली सक्ती फार मजेशीर आहे. दरवर्षी 17 वर्षांच्या सगळ्या मुलामुलींना, म्हणजे साधारण 60 हजार जणांना, एक प्रश्नावली भरावी लागते. त्यातून काहींना शारीरिक आणि बौद्धिक चाचण्यांना बोलावतात, आणि शेवटी सहापैकी एखादाच प्रत्यक्ष सेवेत जातो. म्हणजे नावाला सक्ती, वागणूक स्पर्धा परीक्षेची. निवड होणं ही तिथे मिरवायची गोष्ट आहे. (अर्थात लष्कराचा थाट सगळीकडे सारखाच. 2022 च्या सुरुवातीला पुरवठा कमी पडला तेव्हा सेवा संपवून घरी निघालेल्या मुलामुलींकडून मोजे, अंतर्वस्त्रं, ब्रासुद्धा परत घेतल्या आणि धुऊन, तपासून पुढच्या तुकडीला दिल्या.) आता तिथे सेवेत जाणाऱ्यांत साधारण एकतृतीयांश मुली असतात.

निम्म्या का नाहीत? इथे शरीरशास्त्र येतं, आणि ते गुळमुळीत करून सांगण्यात अर्थ नाही. सरासरी बाईच्या हाताखांद्यांत सरासरी पुरुषाच्या निम्म्याहून जरा जास्त ताकद असते, पायांत साधारण दोनतृतीयांश. व्यायामाने दोघांचीही ताकद वाढते, आणि टक्क्यांत पाहिलं तर जवळपास सारखीच, पण सुरुवातच खालून असल्यामुळे फरक उरतो. पाठीवरचं ओझं मात्र माणूस पाहून ठरत नाही. 30 किलोची पाठपिशवी 75 किलोच्या मुलाला त्याच्या वजनाच्या 40 टक्के होते, 55 किलोच्या मुलीला जवळजवळ 55 टक्के.

2015 मध्ये अमेरिकेच्या मरीन कोअरने, म्हणजे समुद्रमार्गे उतरून लढणाऱ्या सैन्यदलाने, यावर मोठा प्रयोग केला. फक्त पुरुषांच्या आणि मिश्र अशा तुकड्यांना कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात तीच कामं दिली. 134 कामांपैकी 93 कामांत पुरुषांच्या तुकड्या सरस ठरल्या, मिश्र तुकड्या फक्त दोन कामांत. अहवालातलं एक दृश्य लक्षात राहतं. उंच भिंत चढताना पुरुष आपली पाठपिशवी खालूनच वर फेकून देत, तर मुलींना ती वर पोचवायला बऱ्याचदा दुसऱ्याचा हात लागे. भिंत चढणं जमत होतं, पिशवी फेकणं जमत नव्हतं. हा अहवाल हातात घेऊन एका बाजूने लगेच विजय जाहीर केला. दुसऱ्या बाजूचा आक्षेपही बिनतोड होता: बहुतेक मुली नुकत्याच पायदळाचं शिक्षण संपवून आलेल्या होत्या आणि पुरुषांपैकी अनेक जण तुकड्यांत मुरलेले होते. शिवाय मोजलं ते तुकडीचं सरासरी काम. अमुक कामाला किमान इतकं जमायलाच हवं, अशी रेघ आखून ती कोण कोण ओलांडतं, हे पाहिलंच नाही.

मला हा दुसरा मुद्दा पहिल्यापेक्षा वजनदार वाटतो. सक्तीच्या भरतीत सरासरी बाई आणि सरासरी पुरुष समोरासमोर उभेच राहत नाहीत. 60 हजारांतून नऊ-दहा हजार निवडायचे असतील तर प्रश्न एवढाच उरतो की अर्ध्या लोकसंख्येकडे न पाहता निवडलेले दहा हजार चांगले, की सगळ्यांतून निवडलेले. आणि रडार, दळणवळण, वैद्यकीय तुकडी, ड्रोन, दुरुस्ती अशा कामांत भिंतीवर पिशवी फेकायची वेळ रोज येत नाही. पायदळात येते, तिथे रेघ वरच हवी आणि ती सगळ्यांना एकच हवी. त्या रेघेवर मुली कमी पोचतील, हे मान्य करायला लाज वाटायचं कारण नाही.

पण ताकदीपेक्षा जास्त त्रास देतं ते हाड, आणि त्याची गोष्ट मला जास्त रंजक वाटते.

सवय नसलेल्या माणसाला अचानक रोज मैलोनमैल चालवलं की हाडाला सूक्ष्म तडे जातात. 1855 मध्ये प्रशियाच्या एका लष्करी डॉक्टरने सैनिकांच्या सुजलेल्या, दुखऱ्या पावलांची नोंद केली. पुढे क्ष-किरण आले तेव्हा त्या सुजेमागचे तडे दिसले. हाड जिवंत असतं. ताण आला की शरीर आधी जुना, थकलेला भाग खोदून काढतं, मग तिथे नवं हाड भरतं. खोदकाम काही आठवड्यांत उरकतं, भरावाला महिने लागतात. आपल्या महापालिकेच्या रस्त्यासारखंच: पाइपलाइनसाठी चर चार दिवसांत खणला जातो, डांबर पडायला दिवाळी उजाडते. नवख्या सैनिकाचं प्रशिक्षण नेमकं या मधल्या काळात येतं. चर उघडा, आणि वरून रोज ट्रक.

मुलींत हे तडे मुलांच्या दुप्पट ते चौपट आढळतात. एक कारण निव्वळ भूमितीचं आहे. भरीव दांडा 10 टक्क्यांनी बारीक केला की वाकण्याला होणारा त्याचा विरोध सुमारे एकतृतीयांशाने घटतो, आणि मुलींच्या पायांची हाडं सरासरीने बारीक असतात. दुसरं कारण पोटाचं. दिवसभर राबून पुरेसं खाल्लं नाही की पाळी अनियमित होते, इस्ट्रोजेन उतरतं आणि हाडाचा भराव आणखी रेंगाळतो.

तिसरं कारण आहे पाऊल. ज्यांनी एनसीसीत परेड केली आहे त्यांना ‘तेज चल’चं माप आठवत असेल: 30 इंच, मिनिटाला 120 पावलं. ही ब्रिटिश कवायतीची देणगी. 30 इंच म्हणजे 76 सेंटीमीटर. 180 सेंटीमीटर उंचीच्या जवानाला ते उंचीच्या 42 टक्के पडतं. महाराष्ट्र पोलीस भरतीत मुलींची किमान उंची 155 सेंटीमीटर आहे. तेवढ्या मुलीला तेच पाऊल उंचीच्या निम्म्याइतकं पडतं. ती कदम चुकू नये म्हणून दर पावलाला पाय ताणते, मांडीच्या आतले स्नायू ओढले जातात आणि ते जिथे चिकटलेले असतात त्या कमरेच्या पुढच्या बारीक हाडावर झटका बसतो. मिनिटाला 120 वेळा.

ऑस्ट्रेलियाच्या भूदलात नवख्या मुलींपैकी 11.2 टक्क्यांना कमरेच्या हाडाचे असे तडे जात होते. 1990 च्या दशकात तिथल्या प्रशिक्षणात काही बदल केले गेले. लांब कूचचा वेग ताशी साडेसात किलोमीटरवरून पाचवर आणला. कदम मिळवण्याचा आग्रह सोडून ज्याने त्याने आपल्या सोयीचं पाऊल टाकायचं ठरलं. रांगांतलं अंतर वाढवलं, धावणं मऊ जमिनीवर नेलं, सलग लांब पळण्याऐवजी थोडं पळणं-थोडं थांबणं सुरू केलं. प्रमाण 0.6 टक्क्यांवर आलं. नव्या तुकडीत निराळ्या मुली निवडल्या असत्या तर इतका फरक पडला नसता. बदललं फक्त पाऊल, वेग आणि जमीन.

ब्रिटनने याच सुमारास उलटी वाट धरली. 1998 मध्ये समानतेच्या नावाखाली मुलामुलींना एकच शिक्षण, एकच ओझं, एकच वेळापत्रक लावलं. अतिश्रमाच्या दुखापतींमुळे घरी पाठवाव्या लागलेल्या मुलींचं प्रमाण 4.6 टक्क्यांवरून 11.1 टक्क्यांवर गेलं. मुलांचं दीड टक्क्याच्या आतच राहिलं. हा दाखला समानतेच्या विरोधकांना आवडतो, पण ऑस्ट्रेलियाशेजारी ठेवून वाचला की तो वेगळं सांगतो. शेवटच्या परीक्षेचं माप एक असणं आणि तिथवर पोचायची वाट एक असणं, या दोन गोष्टी ब्रिटिश लष्कराने एकच मानल्या. मरीन कोअरच्या भिंतीपाशी माप एक हवं. पहिल्या आठवड्यातल्या कूचला ते कशाला?

अमेरिकन नौदलाचा प्रयोग तर आणखी साधा होता. पाच हजारांहून जास्त नवख्या मुलींपैकी निम्म्यांना आठ आठवडे रोज 2000 मिलिग्रॅम कॅल्शियम आणि 800 युनिट ‘ड’ जीवनसत्त्व दिलं, उरलेल्यांना दिसायला तशाच पण बिनऔषधाच्या गोळ्या. खऱ्या गोळ्या घेणाऱ्यांत हाडांचे तडे 20 टक्क्यांनी कमी झाले.

खडकवासल्याच्या एनडीएतून 30 मे 2025 रोजी मुलींची पहिली तुकडी, 17 जणी, बाहेर पडली. आपल्याकडे सक्ती नाही, त्या आपणहून गेल्या. पण वाट आणि परीक्षा वेगळी कशी ठेवायची हा पेच तिथेही तोच असणार, आणि सकाळच्या पोलीस भरतीच्या मैदानावर तर तो रोजचाच.

सक्ती करावी की नाही, याचं उत्तर मात्र हाडांत नाही. पूर्व आफ्रिकेतल्या एरिट्रिया या देशातही मुलामुलींना सारखीच सक्ती आहे. कागदावर 18 महिन्यांची, प्रत्यक्षात वर्षानुवर्षं न संपणारी. तिथल्या समानतेचा हेवा कुणी करणार नाही. सरकारला माणसाच्या आयुष्यातलं वर्ष मागायचा हक्क आहे का, हा प्रश्न मुलांच्या बाबतीत सुटला असेल तरच मुलींचा काढावा, असं मला वाटतं. बहुतेक देशांनी तो मुलांच्या बाबतीत सवयीने सुटला असं धरून टाकलंय.

राहिला एक आक्षेप, सगळ्यात जुना: मुली आल्या की तुकडीची घडी विस्कटते. नॉर्वेत तो तपासला गेला. उत्तर नॉर्वेतल्या एका प्रशिक्षण तळावर काही अर्थतज्ज्ञांनी लष्कराच्या मदतीने नवख्यांच्या खोल्या नशिबावर वाटल्या. काही खोल्यांत फक्त मुलं, काही खोल्यांत मुलांबरोबर मुली. खोली एक, तुकडी एक, आठ आठवडे सोबत राहणं, झोपणं, फरशी पुसणं. मुलींबरोबर राहिलेल्या मुलांचं समाधान कमी झालं नाही, लष्करात पुढे राहायची इच्छाही कमी झाली नाही. मिश्र तुकडी तितकंच किंवा जास्त चांगलं काम करते असं मानणाऱ्यांचं प्रमाण त्यांच्यात 14 टक्के बिंदूंनी (म्हणजे शंभरात 14 जणांनी) जास्त निघालं. घरकाम निम्मंनिम्मं वाटून घ्यावं असं म्हणणारेही 8 बिंदूंनी वाढले, आणि ही नुसती खोली वाटून घेतल्याची करामत.

मग सगळे आपापल्या कामांवर पांगले. सहा महिन्यांनी त्याच मुलांना पुन्हा तेच प्रश्न विचारले, तेव्हा फरक विरून गेला होता. दोन्ही प्रकारच्या खोल्यांतल्या मुलांची मतं परत एकसारखी. आमच्या मैदानावरच्या शिट्टीवाल्या फौजीला हा निकाल दाखवला असता तर त्याने दोनच शब्द उच्चारले असते: सराव सुटला.