डबलडेकर कोणत्या मार्गावर शोभते?

एखाद्या मार्गावर दिवसभरात किती प्रवासी चढतात, एवढ्यावरून तिथे केवढी बस हवी हे ठरवता येत नाही. समजा, दोन मार्गांवर दर फेरीला 80 प्रवासी चढतात. पहिल्या मार्गावर ते सुरुवातीच्या दोन-तीन थांब्यांवरच चढून शेवटपर्यंत बसून राहतात; दुसऱ्या मार्गावर मात्र जो तो तीन-चार थांब्यांनंतर उतरतो आणि त्याच्या जागी नवा प्रवासी येतो, त्यामुळे बसमध्ये एका वेळी 25हून अधिक माणसे कधीच नसतात. तिकिटे दोन्हीकडे सारखीच खपतात, पण पहिल्या मार्गाला डबलडेकर लागते आणि दुसऱ्याला साधी बस पुरून उरते. म्हणूनच बसचा आकार ठरवताना चढणाऱ्यांच्या एकूण संख्येपेक्षा सर्वाधिक गर्दीच्या टप्प्यात आत किती जण असतात, हे पाहावे लागते.

डबलडेकरच्या बाबतीत यात जिन्याची भर पडते. वरच्या मजल्यावर उभे राहून प्रवास करण्यास सहसा मनाई असते, आणि चार थांब्यांसाठी जिना चढण्याचा उत्साह फार थोड्यांना असतो. परिणामी जवळच्या प्रवाशांच्या मार्गावर खाली रेटारेटी आणि वर रिकाम्या खुर्च्या, असे विसंगत दृश्य दिसते. म्हणजे बसची कागदावरची क्षमता तीच राहिली, तरी प्रत्यक्षातली क्षमता प्रवासाच्या लांबीप्रमाणे बदलते. सिंगापूरमधील अनेक डबलडेकरमध्ये वर किती जागा रिकाम्या आहेत, हे खालीच दाखवणारा फलक असतो, तो याचसाठी. लंडनमध्ये 2012 साली आलेल्या ‘न्यू रूटमास्टर’ या डबलडेकरला तीन दरवाजे आणि दोन जिने दिले गेले. चढउतार त्यामुळे सोपी होते, पण प्रत्येक जादा जिना काही आसनांची जागा खातो. उलट, दूरच्या उपनगरांना जोडणाऱ्या हाँगकाँगच्या जलद मार्गांवर प्रवासी बराच वेळ बसणार असल्याने जिन्याचा त्रास कुणी मनावर घेत नाही, आणि 12 मीटर लांबीच्या तीन आसांच्या (अ‍ॅक्सलच्या) डबलडेकर तिथे शोभून दिसतात.

मोठी बस घेतली की तेवढ्याच प्रवाशांसाठी फेऱ्या कमी लागतात, आणि खरी मेख इथेच आहे, कारण फेऱ्या घटल्या की थांब्यावरची प्रतीक्षा वाढते. अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट मोहरिंग यांनी 1972 साली या देवाणघेवाणीचे गणित मांडले. त्यांच्या साध्या प्रतिमानानुसार फेऱ्यांची संख्या मागणीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढवणे हितावह ठरते. प्रवासी चौपट झाले, तर फेऱ्या दुप्पट कराव्यात, आणि उरलेला भार दुप्पट मोठ्या बसने उचलावा.

दुपारी अर्धी रिकामी धावणारी डबलडेकर पाहून उधळपट्टी वाटते खरी. परंतु चालकाचे वेतन बस लहान असली म्हणून फारसे घटत नाही, आणि केवळ दुपारसाठी वेगळी छोटी बस ठेवायची तर तिची खरेदी, देखभाल आणि आगारातील जागा यांचा खर्च नव्याने पदरी पडतो. त्यापुढे वाचणारे इंधन बहुधा किरकोळच ठरते.